टिटवी कुणाकडं बघत होती

“आणि वर काही सापडलंच नाही तर?”

“तर काय?”

“तर हा कुंचला तुमच्या आडात टाकीन आणि जाईन. मेव्हण्याचं फ्रेमांचं दुकान आहे. काचा कापायला माणूस पाहिजेच आहे त्याला.”

उदेगीर बुवा समईतली काजळी काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आडात नको टाकू,” ते म्हणाले. “ते पाणी आम्ही पितो.”

धोंडीराम जिनगर एवढ्या लांबून येष्टीत उभ्यानं आला होता तो हे ऐकायला नव्हे.

आंबेखिंडीच्या मठातले हे बुवा जन्मभर देवळांच्या भिंती रंगवत आले. आता हात थरथरायचा म्हणून सोडलं होतं. डोळे मात्र घारीसारखे. धोंडीराम मिसरूड फुटायच्या आधी त्यांच्याकडं आला, रंग खलले, शिव्या खाल्ल्या, हात बसवला आणि एक दिवस शहराची वाट धरली. तिकडं त्याचं नाव झालं. पाखरं काढावीत तर त्यानंच, असं लोक म्हणायचे. हॉटेलात त्याचे मोर, दवाखान्यात त्याचे बगळे, मंगल कार्यालयात दारावर पोपटांची जोडी. खाली सही वळणदार, ‘डी. जिनगर’. धोंडीराम हे नाव त्यानं शहरात कुणाला कळू दिलं नाही.

बुवांना मात्र तो धोंड्याच.

मग एकदा काय झालं, एका हॉटेलात हात धुवून वळला तर समोर त्याचीच दोन चित्रं शेजारी शेजारी. एक कोतवाल, एक नीलपंख. बघत राहिला. दोन्ही एकच पाखरू होतं. एकाला काळा रंग दिलेला, दुसऱ्याला निळा. बाकी मान तीच, चोच तीच, डोळ्यातला पांढरा ठिपकासुद्धा त्याच जागी.

त्या दिवसापासून हात आखडला. कागद पुढ्यात घ्यायचा आणि उठायचं. दोन वर्षं हेच.

अशात गावच्या कंडक्टरकडून बुवांचा सांगावा गेला. सांगावा एवढाच, की डोंगर जळाला, पाखरं परत आलीत, धोंड्याला सांगा.

“तुम्ही बोलावलंत म्हणून आलो,” धोंडीराम म्हणाला.

“मी बोलावलं नाही. डोंगर जळाला ते कळवलं.”

“जळक्या रानात काय काढायचं असतं, बुवा?”

“मला काय माहीत? चित्रकार तू.”

हौसाक्का ओट्यावर ताकाची चरवी ठेवत होती. मठातलं झाडलोट आणि भाकरीचं तीच बघायची. ती म्हणाली, “काढायचंच असंल तर आग लावणाऱ्याचं थोबाड काढ. खाली नाव लिही ठसठशीत. चावडीवर लावते मी.”

डोंगराला आग फाल्गुनात लागली होती. गवत जोमानं यावं म्हणून कुणीतरी पलीकडच्या अंगाला काडी लावली. वारं फिरलं. जाळ खिंड ओलांडून इकडं आला आणि खैर, बोरी, करवंदीच्या जाळ्या, सगळं खाऊन मठाच्या मागच्या भिंतीपाशी विझला. जाता जाता हौसाक्काची कडब्याची गंजी घेऊन गेला. काडी कुणी लावली ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि नाव कुणी घेत नव्हतं. त्यामुळं हौसाक्का रोज सकाळी नाव न घेता शिव्या द्यायची.

धोंडीराम ताक प्यायला आणि मुद्द्यावर आला.

“बुवा, एक विचारू? माझा कुंचला तुम्ही एकदाही धुतला नाहीत.”

बुवांनी वात नीट केली.

मठात ती रीत होती. शिष्यानं चित्र करायचं, बुवांपुढं ठेवायचं आणि विचारायचं, ‘झालं का?’ झालं असलं तर बुवा तोंडानं काही बोलायचे नाहीत. शिष्याचा कुंचला घ्यायचे आणि स्वतःच्या हातानं धुवायचे. झालं नसलं तर कुंचला तिथंच पडून राहायचा, मग तो शिष्यानं धुवायचा. हाताखालून गेलेल्या दोघाचौघांचे कुंचले बुवांनी धुतले होते. त्यात एक तर नुसता दारावरच्या वेलबुट्ट्या काढणारा होता. धोंडीरामचा कधी धुतला नाही.

“एवढं नाव झालं माझं,” धोंडीराम म्हणाला.

“ऐकलं.”

“तरी नाही?”

“कुंचला धुऊन पाहिजे असंल तर तूच धुवायचास. पाणी काय कमी आहे?”

हौसाक्का पदर तोंडाला लावून हसली. धोंडीरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“या खेपेला शेवटचं,” तो म्हणाला. “या खेपेला नाही धुतलात तर मी सोडलं. चेष्टा नाही करत.”

बुवांनी पहिल्यांदा वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

“जा मग वर,” ते म्हणाले. “ऊन व्हायच्या आत जा.”

*

धोंडीराम वर गेला. घडीची बैठक, कागदाची फळी, रंगाची पेटी, सगळं काखोटीला मारून.

रान काळंठिक्कर पडलेलं. खैराची खोडं उभी, पण फांद्या नाहीत. पायाखाली राख, राखेत कोळसा, कोळशात खडे. करवंदीच्या जाळीची नुसती काटेरी तार उरलेली. कुणीही हळहळेल असंच सगळं होतं, आणि धोंडीराम हळहळला. मग त्यानं बैठक मांडली आणि हळहळ कागदावर काढली.

काळी खोडं काढली. त्यांना हात वर केलेल्या माणसांसारखं वळण दिलं. वर लालभडक आभाळ टाकलं, आणि एका फांदीवर एकटं पाखरू. मान खाली घातलेलं.

दुपारी बुवांपुढं ठेवलं. कुंचला शेजारी ठेवला.

“झालं का?”

बुवांनी चित्र धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

“हे तू येष्टीतच काढलंस,” ते म्हणाले.

“येष्टीत? बुवा, मी वर बसून...”

“वर नुसता रंग भरलास. काढलंस येष्टीत. आभाळ लाल कधी होतं आज?”

“ते... भावना म्हणून.”

“आणि हे पाखरू रडतंय कशाला? याची गंजी जळाली का?”

“माझी जळाली!” हौसाक्का चुलीपासून ओरडली. “आन् मी बी असली मान घालून न्हाई बसले!”

धोंडीराम चित्र घेऊन उठला. कुंचला त्यानंच धुतला.

दुसऱ्या दिवशी आभाळ होतं तसं काढलं, पांढरं. कोतवाल होता तसा काढला. राखेतले किडे टिपत होता, जमिनीवर झेप घ्यायचा आणि परत खोडावर. धोंडीरामनं तो खोडावर बसल्यावर काढला. बुवांनी बघितलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. ते जास्त लागलं. कारण ठेवलं तेव्हा धोंडीरामला स्वतःलाच दिसलं, हा हॉटेलातलाच कोतवाल. मान तीच. ठिपका तिथंच.

संध्याकाळी तो आडाच्या काठावर बसून होता. हातात कुंचला. हौसाक्का घागर घेऊन आली.

“टाकतोस का काय?”

“बघतोय.”

“टाकायचा तर मी पाणी भरल्यावर टाक.”

तिनं पाणी भरलं आणि गेली. त्यानं टाकला नाही.

*

तिसऱ्या खेपेला तो उगाच वेगळ्या अंगाला गेला, माळावर. तिथं झाडं नव्हती, गवत जळून जमीन उघडी पडलेली. कडेला एक डबकं, त्यात हात बुडंल एवढं पाणी. काढण्यासारखं काहीही नाही. म्हणून तिथंच बसला.

बैठक मांडली मात्र, आणि टिटवी उठली.

माळटिटवी होती ती. अंगानं मातीच्या रंगाची, डोक्यावर काळी टोपी, आणि डोळ्यापुढं पिवळी चामडी लोंबती. हळदीहून पिवळी. सगळ्या काळ्या माळावर तेवढाच रंग.

ती त्याच्या पुढ्यात उतरली, पळाली, थांबली, ओरडली. उडाली, डोक्यावरून घिरटी मारली, परत पुढ्यात. एक पंख जमिनीवर टाकून फरफटत गेली, जशी काही मोडली. परत उठली. मान तिरपी करून एका डोळ्यानं बघितलं. परत ओरडली.

धोंडीरामचा हात सुटला.

कसा सुटला ते त्यालाही कळलं नाही. कागदामागून कागद. पंख पडलेला, पंख उचललेला, एक पाय वर, चोच उघडी. ती घटकाभरही लांब जात नव्हती. दुसरं कुठलंही पाखरू माणूस बघून उडून जातं, ही पुनःपुन्हा त्याच्यापाशी येत होती. धोंडीरामला वाटलं, दोन वर्षं जे रुसलं होतं ते आता आपण होऊन पुढ्यात नाचतंय. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्यानं बाहीनं पुसलं आणि काढत राहिला.

खाली आला तो पळतच.

“बुवा, सापडली!”

बुवांनी कागद बघितले. एक, दुसरा, तिसरा. या वेळी खाली ठेवले नाहीत. परत पहिल्यापासून बघितले.

“उद्या मोठ्या कागदावर घे,” एवढंच म्हणाले.

धोंडीरामला रात्री झोप लागली नाही. तांबडं फुटायच्या आत तो वर. काल उठताना त्यानं बैठकीच्या पायांच्या जागी खडे मांडून ठेवले होते. चित्रकार जागा सोडत नाही. जागा वीतभर सरकली तर सगळं चित्र सरकतं. बरोबर त्याच खुणांवर त्यानं बैठक टेकवली, मोठा कागद लावला, आणि या वेळी ऊन लागू नये म्हणून मठातली मोठी काळी छत्री जमिनीत रोवून दगडांनी पक्की केली.

टिटवी आलीच. कालच्याहून जास्त ओरडली. कालच्याहून जास्त जवळ आली. मधेच डबक्यावर गेली, पाण्यात पोट घासून आली, ओल्या पोटानं पुढ्यात उभी राहिली. त्यानं ओलं पोटसुद्धा काढलं. न्हाऊन आली, त्याला वाटलं.

उन्हं चढली, सावल्या आखडल्या. उजवी बाजू पुरी झाली. काळी जमीन, तिच्यात राखेचे पट्टे, आणि टिटवी. डावी बाजू, खालचा कोपरा, कोराच. आता उजेड बदलला होता. उरलेलं उद्या याच वेळेला, याच जागेवरनं. बैठक आणि छत्री त्यानं तिथंच ठेवली. उद्या मांडामांड नको आणि जागा चुकायला नको. नुसतं चित्र आणि कुंचला घेऊन खाली आला.

*

बुवांनी चित्र तुळशीपाशी उन्हात टेकवून बघितलं. हौसाक्का भाकरी थापता थापता हात पिठाचे तसेच घेऊन बाहेर आली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “ही तर आता बोंबलंल.”

धोंडीराम मिशीत हसला. कुंचला चित्राशेजारी ठेवला. पिवळा रंग अजून ओला होता त्यावर.

“अर्धं राहिलंय, बुवा. पण सांगा. उद्या पुरं झालं तर... झालं का?”

बुवांनी वाकून चित्र जवळनं बघितलं.

“सांगा की.”

“डोळा चुकलाय.”

“काय?”

“डोळा. चुकलाय.”

धोंडीरामला राग आला. बाकी काही म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं त्यानं.

“डोळा चुकणं शक्य नाही. या खेपेला मी माझ्या मनाचं एक टिपूस टाकलेलं नाही. दिसलं तसं काढलंय. समोर उभी राहून माझ्याकडं टक लावून बघत होती ती.”

“तुझ्याकडं?”

“माझ्याकडं. दोन्ही दिवस. सोडतच नव्हती मला. अहो, रानातलं पाखरू, कधी पाहिलं नाही, आणि सारखं माझ्यापाशी येतं. काहीतरी असेलच की नाही त्यात?”

“असंल.”

“मग?”

बुवा उठले. तेलाचा रिकामा डबा होता, तो पालथा घातला.

“बस.”

“कशाला?”

“बस म्हणतो ना. वर बसला होतास तसा. पाय तसेच टाक.”

धोंडीराम बसला. पाय पसरून, डावा पुढं, उजवा मागं.

“किती लांब होती?”

“त्या तुळशीएवढी.”

बुवांनी चित्र उचललं. तुळशीपाशी उकिडवे बसले आणि चित्र जमिनीला टेकवून उभं धरलं. बुवा मागं गेले, पुढं नुसती टिटवी राहिली.

“बघतीय?” चित्रामागून आवाज आला.

“बघतेय.”

“तुझ्याकडं?”

“हो म्हटलं ना.”

“आता डबा उजवीकडं सरकव.”

धोंडीरामनं डबा हातभर सरकवला. बसला. वर बघितलं.

डोळे चोळून परत बघितलं.

हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पोट भरायला त्यानं माणसांचे चेहरेही काढले होते. चित्रातला डोळा बघणाऱ्याकडं लागला असला, की बघणारा कुठंही सरको, तो पाठ सोडत नाही. हॉलच्या या टोकाला जा, त्या टोकाला जा, फोटोतला आजोबा बघतच असतो.

टिटवीनं त्याची पाठ धरली नाही.

ती बघत होती तिथंच बघत राहिली. डब्याच्या जुन्या जागेपाशी. जमिनीकडं. जिथं त्याचा डावा पाय होता त्याच्या अगदी लगत.

तो आणखी सरकला. मग डावीकडं आला. मग उभा राहिला. टिटवी जमिनीवरची ती एक जागा सोडीना.

धोंडीरामनं मागं ठेवलेले कालचे कागद उचलले. एकेक बघितला. पंख पडलेला, पंख उचललेला, चोच उघडी... एकाही कागदात ती त्याच्याकडं बघत नव्हती.

डोंगरावरनं आवाज येत होता. टिट्... टिटिट्... टिट्...

“माणूस खाली आला तरी बोंबलतीयच बया,” हौसाक्का म्हणाली. “सकाळधरनं कान किटले. आता तर वर कुणीबी न्हाई.”

“छत्री आहे,” धोंडीराम म्हणाला.

त्यानं हातातले कागद खाली ठेवले.

बुवांनी चित्र परत तुळशीला टेकवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले. ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठरत नव्हता.

“बुवा,” धोंडीराम म्हणाला, “उद्या एक सकाळ. नुसती एक सकाळ मिळाली तर हे पुरं होईल. आता जाऊन छत्री काढतो, दुपारभर तिच्या जागेवर बसू दे तिला. बैठक तेवढी राहू दे. उद्या लवकर जाईन. लवकर उठेन.”

बुवा सावलीला सरकले.

“असं चित्र माझ्या हातनं परत व्हायचं नाही.”

“नाही व्हायचं,” बुवा म्हणाले.

“ती चिडली नाही तर असलं काही दिसायचं नाही. नुसती बसलेली टिटवी कुणीही काढंल.”

“खरं आहे.”

“मग सांगा ना काय करू?”

“मी कुठं काय म्हणालो? डोळा चुकलाय म्हणालो. तू म्हणालास, नाही चुकला.”

धोंडीराम चित्राकडं बघत उभा राहिला. डावा कोपरा पांढरा होता. दोन वर्षांनी हात सुटला होता आणि तो कोपरा भरायला एक सकाळ पुरली असती.

वर टिटवी ओरडत होती.

त्यानं पायात वहाणा घातल्या. एकीचा पट्टा लागेना तर तशीच ओढत निघाला. पहिल्यांदा चालत. मठाच्या मागच्या भिंतीनंतर पळत.

*

छत्री लांबून दिसली. वाऱ्यानं फडफडत होती. टिटवी तिच्याभोवती लांबून फिरत होती, जवळ जायची, छत्री फडफडली की उडायची.

धोंडीराम बैठकीपाशी गेला आणि पाय टाकायची भीती वाटून थांबला. वाकला. काही दिसेना. राख, खडे, कोळसा. त्याच्या डाव्या वहाणेचा ठसा राखेत स्पष्ट उमटला होता. ठशाच्या पुढं, करंगळीएवढ्या अंतरावर... खडे. चार खडे.

खडे नव्हते.

अंड्यांचा रंग राखेचाच होता, वर काळे डाग कोळशाचेच. चारी टोकं आत करून ठेवलेली, भोवती बारीक खड्यांचं रिंगण. दोन दिवस तो त्यांच्या लगत पाय हलवत बसला होता. एका अंड्यावर पिवळा ठिपका होता. त्यानं नीट बघितलं. त्याच्याच रंगाचा. कुंचला झटकला तेव्हा उडाला असणार.

पुसायला हात गेला. मग मागं घेतला.

त्यानं छत्री उपटली. बैठक मिटली. छत्रीभोवतीचे दगड लांब नेऊन टाकले. बैठकीच्या पायांच्या जागी मांडलेले खुणेचे खडे राहिले होते. ते तेवढे राहू दिले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. धोंडीराम त्यांच्याकडं बघत उभा राहिला. मग एकेक उचलून खिशात टाकला.

वळून न बघता तो खैराच्या खोडापर्यंत गेला आणि खोडाच्या मागं बसला. उन्हात.

टिटवी आली नाही. डबक्यावर गेली. पाण्यात उभी राहिली, पोट बुडवलं, हलवलं, परत बुडवलं. मग चालत निघाली. चालायची, थांबायची. सरळ जायची नाही, वाकडीतिकडी. एकदा तर उलटीकडं गेली. मग कधी ती रिंगणाशी पोचली ते कळलंच नाही. पिसं फुलवली, ओलं पोट अंड्यांवर टेकवलं, आणि बसली.

ओरडणं थांबलं.

बसली ती दिसेनाशीच झाली. माळ होता तसा काळा. पिवळा रंग कुठं होता ते धोंडीरामला ठाऊक असून सापडेना. त्याच्या खिशात पेन्सिल होती, पाठकोरा कागदही होता. त्यानं काढले नाहीत. ऊन कलेपर्यंत तो बघत बसला.

*

तो खाली आला तेव्हा काखेत छत्री, बैठक, आणि एक वहाण हातात. हौसाक्कानं भाकरी झाकून ठेवली होती. त्याच्या तोंडाकडं बघून ती पाण्याचा तांब्या पुढं करून बाजूला झाली.

चित्र तुळशीपाशी होतं तिथंच होतं. उजवीकडं टिटवी मान तिरपी करून, चोच उघडी टाकून, पांढऱ्या कोपऱ्याकडं बघत होती.

शेजारी कुंचला नव्हता.

धोंडीरामनं इकडंतिकडं बघितलं.

उदेगीर बुवा आडापाशी बसले होते. पुढ्यात लाकडी काठवट, हातात त्याचा कुंचला. थरथरत्या बोटांनी ते केस न् केस उलगडून धूत होते. काठवटीतलं पाणी पिवळं झालं होतं. त्यांनी ते ओतलं, दुसरं घेतलं, परत धुवू लागले.

धोंडीरामच्या हातातनं वहाण खाली पडली.

“बुवा...” तो म्हणाला. “ते अर्धंच आहे अजून. खुणा काढून टाकल्या मी. ती डावी बाजू आता कोरीच राहणार.”

बुवांनी कुंचला उजेडाकडं धरून बघितला. झटकला. ओल्या बोटांनी त्याचं टोक जुळवलं.

“राहू दे की,” ते म्हणाले. “तिला बसायला जागा नको?”